मतदानावरच्या बहिष्काराच्या निमित्ताने

परळ, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. यापुढे कोणत्याही निवडणुकीत मतदान करायचे नाही आणि वस्तीतल्या पाणी समितीनेही तसा ठराव करावा, असा तुझा आग्रह आहे आणि त्यावर माझे मत तू मागितले आहेस. माझी उमेदीची वर्षे कामगार न्यायालयांत वकिली करण्यात गेली, त्यामुळे ठराव या गोष्टीवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही. पण ज्या विचारातून तुझा ठराव आला आहे तो मला परका नाही. म्हणून आधी तो विचार त्याच्या भक्कम बाजूने पाहू. ‘सगळे पक्ष सारखेच चोर’ हे तुझे कारण त्यातले सर्वांत कच्चे आहे. उमेदवार अगदी धुतल्या तांदळासारखा असला तरी आमचा आक्षेप कायम राहतो, असे अराज्यवादी, म्हणजे राज्यसंस्था आणि वरून चालणारी सत्ताच नको असे मानणारे, म्हणतात.

फ्रेंच अराज्यवादी विचारवंत पिएर-जोसेफ प्रूधाँ जून १८४८ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेला. त्याच महिन्यात पॅरिसचे कामगार रस्त्यावर उतरले आणि सैन्याने त्यांना चिरडले. सभागृहात बसू लागल्यापासून आपण लोकांपासून तुटलो आणि बाहेर काय चालले आहे हेच आपल्याला कळेनासे झाले, अशी कबुली त्याने पुढे स्वतः दिली. प्रश्न त्याच्या हेतूचा नव्हता, तो त्या जागेचा होता. पुढे १८९७ मध्ये इटलीत मेर्लिनो आणि मालातेस्ता या दोन जुन्या अराज्यवादी सहकाऱ्यांमध्ये निवडणुकीत उतरावे की नाही यावर जाहीर वाद झाला. आपले काम दुसऱ्यावर सोपवण्याची सवय लागलेल्या लोकांची स्वतः निर्णय घेण्याची ताकद खच्ची होते, असा मालातेस्ताच्या म्हणण्याचा गाभा होता. (आणि हा विचार केवळ परदेशी पाहुणा आहे असेही नाही. मूळचे मद्रासचे क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य १९३५ मध्ये मुंबईत परतले आणि १९५४ मध्ये इथेच वारले. या शहरात बसून ते जगभरच्या अराज्यवादी नियतकालिकांसाठी लिहीत. गिरगाव-वाळकेश्वरच्या किती लोकांना त्यांचे नाव ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.)

प्रतिनिधित्वाचे हे दुखणे मी पुस्तकात वाचण्याआधी गिरणगावात पाहिले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका क्षेत्रातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक म्हणून मान्यता मिळे. त्यासाठी एक चतुर्थांश सभासदत्व दाखवले की पुरे. सुती गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती आणि त्याने केलेला करार, त्याचे तोंड न पाहणाऱ्या कामगारावरही बंधनकारक होता. एखादा साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, स्वतःचे म्हणणे घेऊन उभा राहिला की पलीकडचा वकील प्रकरणाच्या गुणदोषांकडे न जाता पहिला आक्षेप हाच घेई, की याला बोलण्याचा अधिकार नाही, याची प्रातिनिधिक संघटना हजर आहे. आपले म्हणणे मांडणारा माणूस आपण नाकारलेला आहे आणि तरीही कायद्याच्या लेखी तोच आपण आहोत, हे त्या साचेवाल्याला कोणत्या शब्दांत समजावून सांगायचे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले ते पगारवाढीसाठी, तसेच या मक्तेदारीविरुद्धही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, गिरणगावाने डॉक्टरांना लोकसभेवर पाठवले. डॉक्टर दिल्लीला गेले, पण गिरण्यांमधली नोकरी गेली ती गेलीच. अराज्यवाद्याला आणखी पुरावा नको. मात्र त्याच पुराव्याची दुसरी बाजू अशी, की अडीच लाख माणसांची थेट कृतीही तिथे हरली होती. हरणाऱ्याने दोन्ही बाजू मोजाव्यात, म्हणून सांगतो.

आता थेट कृतीबद्दल. तुझ्या पत्रात मोर्चा, घेराव, उपोषण आणि रास्ता रोको हे सगळे एकाच दमात आले आहे, आणि इथे मला तुला थांबवावेसे वाटते. आझाद मैदानावर दिवसभर उन्हात बसायचे आणि संध्याकाळी पाच जणांच्या शिष्टमंडळाने मंत्रालयात जाऊन निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्यायची, ही मागणी झाली. ती कितीही मोठ्या आवाजात केली तरी देणारा वरच राहतो. थेट कृतीत, जे हवे ते लोक स्वतः करू लागतात. महाड आठव. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव दोन होते आणि तळ्याला हात लावण्याची सोय मात्र नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले व पाणी प्यायले. त्यांनी कोणाकडे पाणी मागितले नाही. अराज्यवाद्यांनी जगभरातून उदाहरणे गोळा केली आहेत, पण थेट कृती म्हणजे काय हे एका ओंजळीत सांगणारे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

पण महाड तिथेच संपवू नकोस. त्या वर्षी डॉ. आंबेडकर मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्यही होते. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा तळ्यावर जायचे ठरले तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम आला. तो त्यांनी पाळला आणि दावा लढवला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ उजाडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत तर त्यांनी सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग या मार्गांना अराजकाचे व्याकरण म्हटले आणि सनदशीर मार्ग खुले असताना ते सोडून द्यावेत असे बजावले. तुझ्या नव्या अराज्यवादी मित्रांना हे भाषण अडचणीचे वाटते, म्हणून ते त्याला वळसा घालतात. तू तसे करू नकोस. ज्या माणसाने पाण्याला हात लावून दाखवला, तोच असे का म्हणतो, याचे उत्तर तुला स्वतःला देता आले पाहिजे. माझे उत्तर असे, की रस्ता दुबळ्यांचाच असतो असे नाही; बहुसंख्येच्या झुंडीलाही तो तितकाच मोकळा असतो, आणि १९९२-९३ ची मुंबई पाहिलेल्या कोणाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

बहिष्काराचा इतिहासही सरळ नाही. स्पेनमधल्या सीएनटी या अराज्यवादी कामगार महासंघाने नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीत मतदान न करण्याची जोरदार मोहीम चालवली आणि उजवे पक्ष जिंकले. त्याला इतर कारणेही होती. फेब्रुवारी १९३६ मध्ये हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते आणि डाव्या आघाडीने त्यांच्या सुटकेचे वचन दिले होते, तेव्हा महासंघाने बहिष्काराचा सूर खाली आणला आणि सभासदांनी निमूटपणे मते दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, यादवी युद्धाच्या धुमाळीत, महासंघाचे चार जण थेट मंत्री झाले. तत्त्व एका बाजूला आणि तुरुंगातला भाऊ दुसऱ्या बाजूला, असा पेच आला की माणसे काय करतात ते यातून दिसते, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

मुंबईत आपण तर एक विचित्र प्रयोगही पाहिला आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ २२७ नगरसेवकांपैकी एकही नसताना प्रशासकाने कारभार हाकला. नगरसेवक नसले म्हणून राज्यसंस्था विरघळली का? पाणी सोडणारा चावीवाला आपल्या वेळेला यायचा, आपल्या वेळेला जायचा, आणि पाण्याचा दाब कमी झाल्याची तक्रार घेऊन बायका वॉर्ड ऑफिसला गेल्या की जलकामे विभागाचा अभियंता ‘साईटवर’ असायचा. ज्याच्या दारात रात्री अकरा वाजता भांडी घेऊन बसता येईल असा माणूसच उरला नव्हता. मत देणे थांबले की सत्ता थांबत नाही. ती फक्त न विचारता चालते. ‘नोटा’चेही तेच. अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत नोटाला १२,८०६ मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. त्यातून कोणाचे काय अडले?

तेव्हा माझे मत हवे असेल तर असे घे. मतदान करायचे की नाही हा या विचारातला सर्वांत लहान प्रश्न आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले; गावाचा निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, एकाचा विरोध असला तरी थांबायचे, असा शिरस्ता पाडला आणि वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्कही मिळवला. तो कायदा संसदेने केलेला होता आणि गावाने त्याचा विटाळ मानला नाही. आपल्याकडे मुंबईत पाणी हक्क समिती या संघटनेने एकीकडे वस्त्या संघटित केल्या आणि दुसरीकडे याचिका चालवली, म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असे सांगितले. पाण्यासाठी लढणाऱ्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांनी तर मोर्चाही काढला आणि सभागृहही गाजवले. पण त्यांच्यासारखी माणसे मोजकीच, त्यांच्यावर नियम बसवू नये.

समितीपुढे बहिष्काराचा ठराव आणू नकोस. तो संमत झाला तर अर्ध्या बायका गुपचूप मत देऊन येतील आणि मग समितीत खोटे बोलण्याची चाल पडेल. त्याऐवजी अराज्यवाद्यांकडून कामाचे तेवढे घे. वॉर्ड ऑफिसला जाणारी माणसे दर खेपेला बदला, आणि त्यांना काय मान्य करायचे व काय नाही ते बैठकीतच लिहून द्या. परत आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगावे आणि पटले नाही तर बैठकीने त्यांना तिथेच बदलावे. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला मोठ्याने वाचा. कृतीची वेळ आली तर आधी पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते पाहा, आणि ज्यांच्या नोकऱ्या पोलीस पडताळणीवर अवलंबून आहेत अशा मुलांना पुढच्या रांगेत उभे करू नका, कारण कोर्टाच्या तारखा तू नाही, त्यांच्या आयांनी भरायच्या असतात. आणि तुमच्यातल्या ज्या दोघांनी पुढच्या वेळी नगरसेवकपदाला उभे राहण्याची तयारी चालवली आहे असे तू लिहितोस, त्यांना खुशाल उभे राहू दे. फक्त त्याआधी समितीचा राजीनामा, वहीखात्यासकट, त्यांच्याकडून लेखी घे.

तुझा,
एक जुना वकील