पुण्यात वसतिगृहात राहणारा धाकटा भाऊ शनिवार-रविवारी बेसुमार दारू पितो. घरच्यांनी त्याला शपथ घ्यायला लावावी का?

लावू नये. पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी अनेक वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. आमच्या प्राचार्यांना शपथांची फार हौस. सभागृहात मुलांनी हात पुढे करायचे, वर्तमानपत्रात छायाचित्र यायचे आणि त्याच शनिवारी जिन्याखाली रिकाम्या क्वार्टरी सापडायच्या.

पुण्यातील मेस रविवारी दुपारी फीस्ट देऊन रात्री बंद असतात, हे इथे शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. दुपारची श्रीखंड-पुरी जिरली की मुले फरसाणाच्या पुडीवर बैठक मारीत, आणि रिकाम्या पोटी दारू झपाट्याने चढते. म्हणून मी रविवारी रात्री पिठले-भात सुरू करविला. त्यावर प्राचार्य भर बैठकीत म्हणाले, "रेक्टर, तुम्ही मुलांना चकणा पुरवता आहात." पिठल्याला चकणा म्हणणाऱ्या माणसाने दोन्हींपैकी काहीच नीट चाखलेले नसावे.

जेवायला आलेल्या मुलांशी एकेकट्याने बोलता येई, आणि खरा उपयोग त्याचाच झाला. तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे "आम्ही फक्त बिअर घेतो" म्हणणारा दोन बाटल्यांत आठ पेग रिचवितो, आणि यकृत तासाला जेमतेम एक पेग निकाली काढते. हा हिशेब कागदावर मांडला की मुले गप्प होत. शिवाय प्रत्येकाला वाटे की बाकीचे आपल्यापेक्षा जास्त पितात. परदेशी विद्यापीठांतील संशोधनातही हा गैरसमज वारंवार आढळला आहे, आणि तो दूर करणारे समोरासमोरचे बोलणे नुसत्या व्याख्यानापेक्षा उपयोगी ठरले आहे.

तेव्हा भावाला "का पितोस" असे विचारू नका. "किती, किती वेळात आणि काय खाऊन" असे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी त्याची त्यालाच भरू द्या. आठ किंवा अधिक गुण म्हणजे काळजीचे कारण. पंचविशीच्या आत दारूला मनाई करणाऱ्या कायद्याचा धाक मात्र दाखवू नका, त्याला वाईन शॉपवाला भीत नाही तर भाऊ काय भिणार?

एक सांगायचे राहिले. सकाळी त्याचे हात थरथरत असतील, तर दारू एकदम बंद करायला लावू नये. झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना दाखवावे. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे.

महाविद्यालयाला कळवू नका. निलंबनाच्या भीतीने मुले बेशुद्ध मित्राला खोलीत कोंडून ठेवतात. आमच्याकडे एक जण उलटीने गुदमरता गुदमरता वाचला, तो शेजारच्या खोलीतल्या मुलाने निलंबनाच्या नोटिशीला न जुमानता माझे दार ठोठावले म्हणून. भावाच्या रूममेटचा नंबर घेऊन ठेवा आणि त्याला बजावून सांगा की अशा वेळी मित्राला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि १०८ ला फोन करावा. रेक्टरला नंतर कळवले तरी चालेल. प्राचार्यांना नाही कळवले तरी चालेल.