माहिती प्रणालीतील पदव्युत्तर पदवी: नोकरी सोडून की नोकरी सांभाळून?

सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये सहा वर्षे काढल्यावर आता बढतीला वाव उरलेला नाही, एका विद्यापीठात कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे आणि शुल्काचा दोन तृतीयांश भाग दहा टक्के व्याजाच्या शैक्षणिक कर्जातून, तर घरखर्च बचतीतून भागवून राजीनामा द्यावा असे मनात आहे, असे तुम्ही कळवले आहे. हाच अभ्यासक्रम नोकरी करत तीन वर्षांत पूर्ण करता येतो, हे मात्र तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकले आहे. माझ्या मते निर्णय त्या ओळीवरच ठरायला हवा.

हिशेबाच्या सोयीसाठी तुमच्या हाती येणारा आजचा वार्षिक पगार १०० धरू; तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार शुल्क १२० होते. राजीनामा दिल्यास पहिल्या वर्षी १०० आणि नेहमीची पगारवाढ धरून दुसऱ्या वर्षी १०५ बुडतात, त्यामुळे पदवी तुम्हाला १२० ला नव्हे, तर ३२५ ला पडते. कर्जाचे ८० दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला निम्मे निम्मे उचलले, तर अभ्यासक्रम संपेपर्यंत सरळव्याजानेच त्यावर १२ चढलेले असतील, कारण हप्ते उशिरा सुरू होणार असले तरी व्याज उशिरा सुरू होत नाही. पदवीनंतर १४५ मिळतील असे तुम्ही धरले आहे. ते मान्य केले तरी पदवीविनाही तोवर तुमचा पगार ११० झालेला असेल, म्हणजे पदवीची कमाई वर्षाला ३५ एवढीच. व्याज बाजूला ठेवूनही ३२५ भरून निघायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. नोकरी सांभाळून शिकलात, तर शुल्काचे १२० सुमारे साडेतीन वर्षांत वसूल होतात आणि अपेक्षित वाढ निम्मीच मिळाली तरी सात वर्षांच्या आत. शिवाय पहिल्या मार्गाने गेल्यास, कर्जाचे हप्ते सुरू होतील नेमक्या त्याच वेळी तुमची बचत संपलेली असेल, याची मला अधिक काळजी वाटते.

आता अभ्यासक्रमाविषयी. हे संगणकशास्त्र नव्हे. अल्गोरिदम आणि प्रणालींच्या गाभ्यापेक्षा येथे डेटाबेस, प्रणाली विश्लेषण, माहिती सुरक्षा आणि प्रकल्प व्यवस्थापन यांवर भर असतो. बिझनेस अॅनालिस्ट किंवा माहिती प्रणाली व्यवस्थापक व्हायचे असेल, तर तो योग्यच आहे, पण निव्वळ प्रोग्रामिंगकडे वळायचे असेल, तर ही वाट लांबची आहे. संगणक क्षेत्रातील एसीएम आणि माहिती प्रणाली क्षेत्रातील एआयएस या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थांनी २०१६ मध्ये माहिती प्रणालीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला असून त्यात नऊ क्षेत्रे दिली आहेत. तुमच्या विद्यापीठाची विषयसूची त्याच्याशेजारी ठेवून पाहा.

माहितीपत्रकावर मात्र विसंबू नका. गेल्या चार सत्रांची प्रत्यक्ष वेळापत्रके मागवा, कारण यादीत दिमाखाने झळकणारा क्लाउड किंवा डेटा अॅनालिटिक्सचा वैकल्पिक विषय कित्येक सत्रे शिकवलाच गेला नाही, असेही आढळते. सक्तीचे विषय नोकरी करणाऱ्यांच्या सोयीने संध्याकाळी ठेवले जातात का, हेही त्यातच कळेल. तुमची पहिली पदवी संगणकाची नसल्यामुळे पूर्वतयारीचे विषय सक्तीचे आहेत का आणि त्यांचे शुल्क वेगळे आहे का, हे लेखी विचारा. नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी सांगितली गेली, तर ती किती जणांपैकी आहे आणि त्यांचा सरासरी नव्हे, तर मध्यक पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) किती आहे, एवढे विचारायला संकोचू नका.

पूर्णवेळ शिक्षणाचा आग्रह मी एकाच परिस्थितीत मान्य करीन: शुल्क माफ होऊन विद्यावेतनही मिळणार असेल, तर ३२५ चा आकडा बराच खाली येतो. तसे काही नसेल, तर अर्धवेळ प्रवेशाचा अर्ज करा. त्यापूर्वी तुमची कंपनी शुल्काचा काही भाग उचलते का आणि त्या बदल्यात किती वर्षे नोकरी न सोडण्याची अट घालते, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. ते उत्तर हाती येईपर्यंत कर्जाच्या कागदपत्रांवर सही करू नका.