दूध शुद्ध, तरीही मिश्रण

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. दूध हे मिश्रण आहे असे तिच्या पुस्तकात दिले आहे, तर पिशवीवर ‘शुद्ध’ असे छापलेले असते. आमच्या बोअरचे नितळ पाणीही शुद्ध नाही, असे ती म्हणते. खरे काय समजावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली मुलगी बरोबर सांगते आणि पिशवीही खोटे बोलत नाही, घोटाळा ‘शुद्ध’ या एका शब्दाचा आहे. बाजारात शुद्ध म्हणजे भेसळ नसलेले, तर रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकच मूलद्रव्य (एकाच प्रकारच्या अणूंचा पदार्थ) किंवा एकच संयुग (ठरलेल्या प्रमाणात जोडल्या गेलेल्या मूलद्रव्यांचा पदार्थ, जसे पाणी) असलेले. भेसळ नसलेल्या गाईच्या दुधातही सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि उरलेल्या भागात स्निग्ध पदार्थ, प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार असतात. शिवाय हे प्रमाण ठरलेले नसते : पंढरपुरी म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा अधिक स्निग्ध असते, तरी दोन्हींना आपण दूधच म्हणतो. संयुगाला अशी मोकळीक नाही. पाणी उजनीचे असो वा हिप्परगा तलावाचे, त्यातील क्षार, गाळ व विरघळलेली हवा वगळून जे निव्वळ पाणी उरते, त्याच्या दर ९ ग्रॅममध्ये १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजनच असतो.

शेंगाचटणीतले दाण्याचे कूट आणि तिखट डोळ्यांना दिसते, त्यामुळे तेथे शंकाच येत नाही. बोअरचे पाणी मात्र समांगी, म्हणजे सगळीकडे एकसारखे असलेले, मिश्रण आहे. त्यातील क्षार पूर्ण विरघळलेले असल्याने ते दिसत नाहीत आणि फडक्याने गाळून निघतही नाहीत. म्हणून नितळपणावरून शुद्धता ठरवू नये, उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचे तापमान, पाहावा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने येथे शुद्ध पाणी १०० ऐवजी साधारण ९८.५ अंश सेल्सिअसला उकळते आणि शेवटचा थेंब आटेपर्यंत तापमान तेथेच राहते. मिठाचे पाणी मात्र जसजसे आटते, तसतसे त्याचे उकळण्याचे तापमान वर सरकत जाते.

घरी तापमापी नसल्यास दोन स्वच्छ काचेच्या बश्यांत थोडे थोडे पाणी, एकीत डिस्टिल्ड वॉटर (वाफ थंड करून मिळवलेले, क्षार नसलेले पाणी) आणि दुसरीत बोअरचे, घेऊन त्या उन्हात झाकण न घालता, पण धूळ पडणार नाही अशा जागी ठेवाव्यात. सोलापूरच्या उन्हाला फार वेळ लागत नाही. पहिली बशी कोरडी होईल, दुसरीत पांढरा थर उरेल.