तर्री-पोहे खाल्ले की साखर 240 येते. टाइप टू मधुमेहात ते कायमचे सोडायचे का?

सोडू नका, प्लेट बदला. साखर चढवतात ते पोहे. तर्रीतले हरभरे उलट तिला हळू चढू देतात. म्हणून पोहे अर्धी वाटी, हरभरे वाटीभर, वरचा तेलाचा तवंग बाजूला. आधी हरभरे खा, पोहे शेवटी. सोबतचा गोड चहा मात्र खरंच बंद करा.

खाल्ल्यावर बसून राहू नका, 15 मिनिटं चाला. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी. मे महिन्याच्या उन्हात फुटाळा तलावावर जायचा हट्ट नको. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालतं.

साखर पहिल्या घासापासून 2 तासांनी मोजा. बहुतेकांसाठी ती 180 च्या आत हवी. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. संत्रं सोललेलं बोट तसंच टोचलं तर रसातली साखर पट्टीवर जाते आणि आकडा खोटाच फुगतो.

ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना डोस विचारा. घाम, थरथर, साखर 70 च्या खाली: लगेच 3 चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा.