अकरावा आठवडा चालू आहे आणि पोट दिसतच नाही, बाळ वाढतंय ना?

अगं बाय, तुझा प्रश्न वाचला. पहिलंच बाळंतपण, अकरावा आठवडा, डिचोलीहून रोज कदंबाच्या बसने पणजीला नोकरीला जाणं, उलट्यांनी दीड किलो वजन उतरलंय, पोट काहीच दिसत नाही आणि शेजारच्या तेवढ्याच दिवसांच्या मुलीचं दिसतं, मग माझं बाळ वाढतंय ना, आणि पुढे महिन्यागणिक माझ्यात आणि बाळात काय बदल होणार ते कुणीतरी सांगा, असं तू लिहिलंयस. मी सरकारी इस्पितळात गरोदर बायकांच्या ओपीडीत सिस्टर होते, आता रिटायर झालेय, तर तिथे रोज जे बघितलं त्यातूनच सांगते.

पहिलं पोटाचं. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपिशवी ओटीपोटातल्या हाडाच्या मागेच असते, वरून दिसायला काही नसतंच. शेजारणीचं दिसतं ते तिच्या अंगलटीमुळे, गॅसमुळे, किंवा तिचं दुसरं बाळंतपण असेल तर पोटाचे स्नायू आधीच सैल झालेले असतात म्हणून. त्यावरून बाळाचं काहीच कळत नाही. बाळ आता डोक्यापासून बसायच्या जागेपर्यंत चार सेंटीमीटरच्या आसपास आहे, पण हात, पाय, बोटं सगळं झालेलं आहे, आणि ते आत हलतंय सुद्धा, फक्त तुला कळत नाही एवढंच.

आणि महिन्यांचा हिशोब जरा बाजूला ठेव. सासूबाई म्हणतात तिसरा संपत आला, डॉक्टर म्हणतात अकरा आठवडे, तुला वाटतं दिवस राहून नऊच आठवडे झाले, आणि खरं म्हणजे तिघंही बरोबर आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, तिथून ४० आठवडे म्हणजे २८० दिवस, आणि गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. महिन्यात बोलायला गेलं की प्रत्येक घरात वेगळं गणित होतं आणि मग उगाच काळजी लागते, म्हणून आठवडेच लक्षात ठेव, तुझ्या कार्डावर पण तेच लिहिलेलं असतं.

आता खरी गोष्ट सांगते जी मला प्रत्येक पहिलटकरणीला सांगावीशी वाटायची. तुला जे जे होतंय ना, त्यातलं बरंचसं बाळाच्या कामामुळे होतंय, म्हणून दर वेळी त्रास झाला की आधी विचार, की आत या आठवड्यात काय चाललंय. कारण कळलं की निम्मी भीती जाते, आणि जो त्रास या हिशोबात बसत नाही तो पण लगेच लक्षात येतो.

उलट्यांचंच बघ. त्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात चालू होतात, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतात आणि बहुतेकींच्या बारा ते सोळा आठवड्यांत कमी होतात. याच दिवसांत आत सगळे अवयव बनत असतात. मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून बनतो ती नळी सहाव्या आठवड्यातच बंद होते, कित्येकींना तोवर दिवस राहिलेत हेच माहीत नसतं, म्हणून फॉलिक अॅसिड आधीपासून घ्यायला सांगतात. हृदयाचे ठोके सोनोग्राफीत सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागतात. दहाव्या-बाराव्यात वार (प्लॅसेंटा) आपलं काम पूर्ण हातात घेते आणि तुझ्या अंगातली हॉर्मोन्सची उलथापालथ जरा बसते. म्हणजे तू आता सगळ्यात कठीण टप्प्याच्या शेवटाला आहेस. सकाळी उठायच्या आधी खाटेवरच पोदेराकडचं (पाववाल्याकडचं) एखादं काकण, म्हणजे तो बांगडीसारखा कडक पाव, किंवा सुकं बिस्किट खा, पोट रिकामं ठेवून बसमध्ये चढू नकोस, पुढच्या सीटवर खिडकीकडे बस. डॉक्टरने उलटीची गोळी दिली असेल तर घे, बाळाला बाधेल म्हणून घाबरून ठेवून देऊ नकोस. दीड किलो उतरलं त्याची मला काळजी नाही, पण पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि अगदी थोडी होत असेल, किंवा उभं राहिलं की अंधारी येत असेल तर त्याच दिवशी इस्पितळात जा, सलाईन लावावं लागतं.

११ ते १३ आठवडे ६ दिवस यात एनटी स्कॅन असतो, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी, तो चुकवू नकोस, नंतर करून उपयोग नाही. आणि घरात कुणी मुलगा-मुलगी विचारायला सांगेल तर स्पष्ट नाही म्हण, १९९४ च्या कायद्याने ते विचारणं पण गुन्हा आहे.

चौथ्या महिन्यात तुला बरं वाटायला लागेल, भूक परत येईल. तेव्हाच लोहाच्या गोळ्या चालू होतात आणि इथे मी जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त हयगय इथेच बघितलीय. गरोदरपणात आईचं रक्त जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पण त्यात पाण्याचा भाग जास्त आणि तांबड्या पेशी कमी वाढतात. हुमणात (माशांच्या आमटीत) पाणी वाढवलं की मसाला तेवढाच असून पातळ लागतं, तसं. म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं, तो शरीराचा धर्मच आहे, पण ११ च्या खाली गेलं की तो अॅनिमिया, आणि मग दम लागतो, बाळाचं वजन कमी भरू शकतं, बाळंतपणात रक्त गेलं तर शरीराला झेपत नाही. सरकारी गोळी ६० मिलीग्रॅम लोहाची असते, रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पण तेवढेच दिवस. शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं म्हणून बायका गोळ्या उशीखाली साठवून ठेवतात, ओपीडीत विचारलं की घेतेय म्हणतात आणि रिपोर्ट काही वेगळंच सांगतो. काळं होणं नॉर्मल आहे गं. चहाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नको, दोघींमध्ये दोन तास जाऊ देत, लिंबूपाण्याबरोबर घे. संध्याकाळी घरी आलीस की नाचण्याचं तिझान गूळ घालून, दुपारच्या डब्यात तारले किंवा बांगडे, हे आपल्याकडे सहज मिळतं आणि छान आहे. मोरी (शार्क मासा) मात्र आता नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. आणि सर्दीला घरात कुणी चमचाभर फेणी देत असतील तर ती पण नाही, एक थेंबसुद्धा नाही.

अठरा ते वीस आठवड्यांत मोठा स्कॅन, अॅनोमली स्कॅन म्हणतात तो, त्यात हृदयाचे कप्पे, मेंदू, कणा, किडन्या सगळं बघतात. तुझ्या तारखेने तो बरोबर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास येतोय, आणि चवथीच्या धांदलीत, माटोळी, नेवऱ्या, पाहुणे यात हा स्कॅन मागे पडतो हे मी दर वर्षी बघितलंय, म्हणून अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेव. त्याच सुमाराला तुला बाळाची पहिली हालचाल कळेल. पहिल्यांदा लाथ वगैरे नसते, आतून बुडबुडे फुटल्यासारखं, गॅस झाला की काय असं वाटतं, आणि एक-दोन दिवसांनी कळतं की हे गॅस नाही. वीस आठवड्यांना पिशवी बेंबीपर्यंत येते, बाळ तीनशे ग्रॅमच्या वर असतं. तिथून पुढे आम्ही टेप लावायचो. बाईला पाठीवर झोपवून, पाय जरा वाकवून, जांघेच्या मधल्या हाडापासून वर बोट चाचपत पिशवीचा माथा शोधायचा, टेपेची आकड्यांची बाजू खाली ठेवायची म्हणजे आपल्या मनातला आकडा येत नाही, आणि मग उलटून बघायचं. चोवीस आठवडे तर चोवीसच्या आसपास सेंटीमीटर, दोन-तीन इकडे तिकडे चालतं. पोट मोठं की लहान हे शेजारणीने बघून नाही, या टेपेने ठरतं.

२४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी होईल, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर डायबिटीस धरतात. घरात कुणाला साखर नसली तरी होते, वार जी हॉर्मोन्स सोडते त्यांनी इन्सुलिनचा जोर कमी पडतो. याच दिवसांत बाळाला बाहेरचे आवाज ऐकू यायला लागतात, दिवाळीपर्यंत ते तिथे पोचलेलं असेल, तर नरकासुराच्या रात्री त्या मोठ्या साउंड बॉक्ससमोर उभी राहू नकोस, घरातून बघ.

अठ्ठावीसला बाळ साधारण किलोभर, डोळे उघडतं मिटतं. फुलं माळायचा कार्यक्रम याच दिवसांत होईल, हौसेने करून घे, फक्त पाटावर तासन्तास बसू नकोस. छातीत जळजळ होणारच, हॉर्मोनने अन्ननलिकेचं झाकण सैल पडतं आणि वर पिशवीचा दाब, म्हणून रात्री थोडं आणि लवकर जेव. झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या, कारण उताणं झोपलं की पिशवीच्या वजनाने मोठी शीर दबते आणि चक्कर येते. संध्याकाळी पावलं सुजतात ती पाय वर ठेवले की उतरतात, त्याचं काही नाही.

पण तोंड आणि हात अचानक सुजले, डोकं गोळी घेऊन पण थांबेना, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही झालं तर बीपी बघायला त्याच वेळी जा, रात्र असली तरी. १४०/९० म्हणजे जास्त. तळहात-तळपायाला रात्री खूप खाज सुटली तर लिव्हरची तपासणी लागते, उष्णता म्हणून सोडू नकोस. रक्त गेलं, पाणी गेलं, ताप आला, तर वाट बघायची नाही. पावसात मच्छरदाणी वापर, मलेरिया-डेंग्यू या दिवसांत जास्त बाधतात. आणि हालचाल: जेवून डाव्या कुशीवर पड आणि मोज, दोन तासांत दहा व्हायला हव्यात. शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ हलायचं कमी होतं असं बायका एकमेकींना सांगतात, ते खरं नाही. हालचालीची पद्धत बदलते, पण हालचाल कमी झाली तर दाखवायचंच.

शेवटच्या दोन महिन्यांत बाळ मुख्यतः अंगावर चरबी धरतं आणि फुप्फुसं तयार करतं, ती ३४-३५ आठवड्यांपर्यंत बऱ्यापैकी होतात, म्हणून लवकर झालेल्या बाळांना श्वासाचा त्रास. तुझं वजन एकूण दहा-बारा किलो वाढेल, त्यात बाळ तीनच किलोच्या आसपास, बाकी वार, पाणी, रक्त, स्तन, आणि पिशवी स्वतः, जी एरवी ७० ग्रॅमची असते ती किलोभर होते. ३६ नंतर पहिलटकरणीचं पोट जरा खाली उतरतं, श्वास मोकळा होतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. पोट मधूनच दगडासारखं घट्ट होऊन सुटेल, कूस बदलली किंवा पाणी प्यायलं की थांबलं तर त्या खोट्या कळा. नेमाने येऊन जवळ जवळ आणि जोरात होत गेल्या तर निघायचं. कुळारी (माहेरी) जाणार असशील तर ३६ च्या आधी जा आणि तिथल्या डॉक्टरला एकदा तरी आधीच दाखवून ठेव, आयत्या वेळी फाईल नसलेली बाई आली की सगळ्यांचीच तारांबळ होते. कार्ड, सगळे स्कॅन, रक्तगटाचा कागद एकाच पिशवीत, आणि घरात प्रत्येकाला १०८ माहीत पाहिजे, सासूबाईंना पण.

एनटी स्कॅन झाला की रिपोर्ट आणि हिमोग्लोबिनचा आकडा कळव, मग गोळ्यांचं आणि खाण्याचं बघू.