गोवराची लस गाठीत टोचली तर?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझ्या मोठ्या वहिनीला स्तनाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. क्रोएशियातल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी म्हणे गोवराचा विषाणू स्वतःच्या गाठीत टोचून घेतला आणि त्या बऱ्या झाल्या. भाऊ म्हणतो, गोवराची लस आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते, तीच टोचून बघू. काय करावं?
– अ. पा., मिरज

उत्तर : आधी भावाला थांबवा, बाकीचं नंतर वाचा. गोवर-रुबेलाच्या लसीत जिवंत विषाणू असतो, फक्त कमजोर केलेला. धडधाकट मुलाचं तो काही बिघडवत नाही. केमोने पांढऱ्या पेशी खाली आल्या असतील तर मात्र तोच जिवावर उठू शकतो. म्हणून केमो चालू असताना जिवंत विषाणूची लस देत नाहीत.

बातमी खोटी नाही. बेआटा हालासी या झाग्रेब विद्यापीठातल्या विषाणूतज्ज्ञ. 2020 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी, त्यांचा स्तनाचा कर्करोग त्याच जागी दुसऱ्यांदा उलटला. पुन्हा केमो नको म्हणून त्यांनी आधी गोवराचा आणि मग व्हीएसव्ही नावाचा, गुराढोरांत सापडणारा विषाणू स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार केला आणि दोनेक महिने गाठीत टोचून घेतला. गाठ लहान झाली, मऊ पडली, स्नायूपासून सुटली. व्हिडिओवाले बहुधा इथेच थांबतात. पुढे ती गाठ ऑपरेशन करून काढली आणि त्यानंतर वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे नेहमीचं औषधही दिलं. शिवाय त्यांचे कर्करोगतज्ज्ञ सुरुवातीपासून लक्ष ठेवून होते, गाठ वाढली तर केमो सुरू करायच्या तयारीने. रुग्ण एक, उपचार तीन. कशाने किती गुण आला ते सांगता येत नाही. या प्रयोगावर त्यांनी लिहिलेला लेख डझनावर नियतकालिकांनी नाकारला, 2024 मध्ये कुठे छापून आला. लोक नक्कल करतील ही भीती त्यामागे होती, आणि तुमचं पत्र वाचून मला ती रास्त वाटते.

आता भावाच्या मुद्द्याकडे. हालासींनी वापरलेला गोवराचा वाण ‘एडमन्स्टन-झाग्रेब’, आणि पुण्याच्या सीरमच्या गोवर लसीत तोच असतो. म्हणजे तर्क अगदीच हवेत नाही. तो अडतो मात्रेवर. माझी सगळी नोकरी लसीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे विषाणू मोजायचा तो असा. बशीत पेशींचा थर वाढवायचा, त्यावर विषाणू सोडायचा, काही दिवसांनी जांभळा रंग ओतून धुवायचा. विषाणूने जिथे पेशी मारल्या तिथे जांभळ्यात पांढरे ठिपके उरतात, ते मोजायचे. लसीच्या एका मात्रेचा हिशेब हजारांत असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2014 साली मायलोमाच्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाच्या, दोन रुग्णांना शिरेतून गोवराचा विषाणू दिला, तो दहा हजार कोटी! एक कोटी लोकांना लस टोचता येईल एवढा. त्या दोघींच्या रक्तात गोवराविरुद्ध प्रतिपिंडं जवळपास नव्हतीच, म्हणून तर त्यांची निवड झाली. एकीचा आजार नऊ महिने पूर्ण हटला, दुसरीला तेवढा गुण आला नाही. तुमच्या वहिनींना लहानपणी गोवर येऊन गेला असेल, तर शिरेतून दिलेला विषाणू रक्तातच गारद होईल.

शिवाय विषाणूने पेशी फोडणं हे निम्मंच काम. फुटलेल्या पेशींतून जे बाहेर पडतं ते प्रतिकारशक्तीला दिसतं आणि ती गाठीवर चाल करून जाते. ताप उतरताना ओठावर ज्याने फोड उठतात ना, त्या हर्पिसच्या विषाणूचे दोन जीन काढून आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारा एक घालून टी-व्हेक हे औषध बनवलं. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत 2015 मध्ये त्याला मान्यता मिळाली. 436 रुग्णांच्या चाचणीत टिकाऊ गुण आला 16.3 टक्क्यांना, तुलनेच्या गटात 2.1 टक्क्यांना. मला हे आकडे आवडतात, कारण ते चमत्काराचे नाहीत. स्तनाच्या कर्करोगासाठी असं मान्य औषध अजून नाही. भावाला हौसच असेल तर आयसीएमआरच्या सीटीआरआय या नोंदवहीत भारतातल्या चाचण्या शोधाव्यात आणि सापडेल ते वहिनींच्या डॉक्टरांना दाखवावं. केमोची तारीख मात्र चुकवू नका.

प्रश्न : वडिलांच्या मूत्राशयात कर्करोगासाठी बीसीजी सोडतात. तोही विषाणूच का? घरच्यांना धोका आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, तो जिवाणू. टीबीच्या लसीतलाच. नळीने मूत्राशयात सोडतात, साधारण दोन तास धरून ठेवायला सांगतात, आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे. तोही मुख्यतः प्रतिकारशक्तीलाच कामाला लावतो. घरच्यांना धोका फारसा नाही, पण पहिले सहा तास वडिलांनी बसूनच लघवी करावी, नंतर भांड्यात तेवढंच ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं थांबावं, मग पाणी सोडावं. मोठा ताप आला किंवा बारीक ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर पुढच्या मात्रेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.