मेटल डिटेक्टर घेतलास, आता जरा ऐक

अरे, कुठल्या कंपनीचा यावर फार डोकं चालवू नकोस. माळव्याच्या काळ्या मातीत ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा आवाज गाळणारी यंत्राची जुळवणी) नीट जमतो ना, तेवढं बघ; नाहीतर दिवसभर खोटेच आवाज. सोयाबीन निघाल्यावर, गहू पेरायच्या आधी रान मोकळं असतं. शेतमालकाला विचारून जायचं आणि खड्डा बुजवूनच उठायचं. मांडूच्या जुन्या किल्ल्यावर मात्र यंत्र नेऊच नकोस, संरक्षित स्मारकाच्या आवारात खोदणं गुन्हा आहे. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, हो! रक्कम तेव्हाची, पण कायदा आजचा.

बहुतेक वेळा निघतात खिळे, बाटल्यांची झाकणं, ट्रॅक्टरचे नट. कधी बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. तेही ठेव, गाव, शेताचा कोपरा आणि खोली लिहून. नोंद नसेल तर ते नुसतं भंगार.

होळकरी नाणी ओळखायला आधी शिक. इंदूरचे राजे शिवाजीराव होळकर यांच्या रुपयावर सूर्याचा चेहरा, तांब्याच्या पाव आण्यावर नंदी. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नकोस! तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा थर नाण्याला जपतो. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग. ते नाणं वेगळं, कोरड्या जागी ठेव. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत तर काहीच नको, ती कालांतराने चिकट होऊन धातू खातात.